ऐकत न्हाईत त्यांच्यासाठी

कबनूरमध्ये कुणी हळू आवाजात बोलायला लागलं, की समोरचा आधी त्याच्या तोंडाकडं बघतो. एक तर हा आजारी असणार, नाहीतर याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार. धडधाकट, सरळ माणूस ठणकावून बोलतो अशी इथली पक्की समजूत. चहा पाहिजे असला तरी ठणकावून, नको असला तर त्याहून ठणकावून. अनुजा याच गावात वाढली. विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी तिनं शेजारच्या खाटेवरच्या मुलीला "जेवलीस काय गं?" एवढंच विचारलं, तर ती बिचारी दचकून भिंतीला टेकली. भांडण कशावरून सुरू झालं, हेच तिला कळेना.

आता अनुजा त्याच विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवते आणि तिच्या संशोधनाचा विषय आहे आवाज. मैत्रिणी म्हणतात, बरोबरच आहे, घरचाच धंदा तो.

थट्टेत तथ्य होतं. तिचे वडील बाळासो हे कबनूरमधले नावाजलेले जॉबर, म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो दुरुस्त करणारे. त्यांची हयात मागांच्या खडखडाटात गेली. शेडमध्ये शिरलं की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचं तरी त्याचे ओठ वाचावे लागतात, नाहीतर हातवारे करावे लागतात. अशा शेडमध्ये अनुजानं आवाज मोजायची यंत्रं लावली. संख्याशास्त्र विभागातला श्रेणिक तिच्या जोडीला आला. तो जयसिंगपूरचा, बोलायला मवाळ आणि आकड्यांच्या बाबतीत कुणाच्या बापाचं न ऐकणारा. दोघांनी तयारी असलेल्या काही कामगारांचे कान तपासले, हिशेब मांडले. निष्कर्ष सरळ निघाला. मागावर वर्षं काढलेल्या माणसाचे कान जातात, पण इतके सावकाश जातात की त्याला स्वतःला पत्ता लागत नाही. आणि या मुलखात तर दुसऱ्यालाही लागत नाही, कारण सगळे ओरडूनच बोलतात. बहिरेपण ओळखायला आजूबाजूला एखादं तरी हळू बोलणारं माणूस लागतं.

निबंध परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला. विद्यापीठात शाल-श्रीफळ झालं. परतताना श्रेणिक नारळ हातात फिरवत म्हणाला, "ज्यांच्या कानांवर आपण एवढं लिहिलं, त्यांच्या कानावर हे घालणार कोण?"

अनुजाला ते लागलं. खरं तर ती तेच स्वतःला विचारत होती.

विद्यापीठानं त्या वर्षी संशोधन लोकांपर्यंत न्यायची एक योजना काढली होती. त्यातून इचलकरंजीत पहिला कार्यक्रम झाला. स्वागत झालं, प्रास्ताविक झालं, पाहुण्यांचं मनोगत झालं. अनुजा पडद्यावर आलेख दाखवायला उभी राहिली तेव्हा समोर कार्यक्रमाचे आयोजक आणि त्यांचे नातलग एवढेच उरले होते. मागावरचा एकही माणूस आला नव्हता. का येईल? "मला कमी ऐकू येतं" असं चारचौघांत कबूल करायला कोण घर सोडून येतं?

दुसरा कार्यक्रम कबनूरला ठरला. या वेळी कान तपासायची एक गाडी मिळाली होती. आत जाड गादीसारख्या भिंतींची छोटी खोली, तिला एक काच, बाहेर यंत्र. मागांच्या सुट्टीच्या दिवशी, एका दिवसासाठी गाडी गावात थांबणार होती. बोटावर मोजण्याइतकी माणसं आली तर ती पुन्हा मिळणार नाही, हे अनुजाला स्पष्ट सांगण्यात आलं होतं. आणि तिला गावही ठाऊक होतं. बाळासो जॉबर गाडीत बसले तर त्यांच्यामागं निम्मी शेड येईल. ते बसले नाहीत, तर कुणीच येणार नाही.

म्हणून ती आदल्या आठवड्यात घरी गेली.

"आबा, तुम्ही पहिल्यांदा तपासून घ्या," ती त्यांच्या समोर बसून म्हणाली.

"माझं कान?" बाळासो खवळले. "आगं, दारात उभं राहून सांगतो, कुठल्या मागाची धडधड चुकलीया! बहिरा जॉबर कवा बघितलाईस व्हय? उद्या मला कोण काम दील?"

"धडधड जाड आवाज असतो, आबा. तो ऐकू येतोच. बारीक आवाज—"

"चा झाला का बघ जा."

विषय संपला. आबांशी बोलणं हे असं असायचं. आपलं वाक्य अर्ध्यात असतानाच ते दुसऱ्या गावाला पोचलेले असत. अनुजाला लहानपणापासून याचं वाईट वाटे. थोरल्या भावाची जाड आवाजातली हाक ते घेत, तिची घेत नसत. पोरीच्या जातीचं काय ऐकायचं, असं त्यांच्या मनात असेल, हे तिनं केव्हाच गृहीत धरलं होतं. नंतर ती आवाज शिकली, कान शिकली, पण ते गृहीत जिथं होतं तिथंच राहिलं. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात असे कोनाडे असतात, तिथं झाडू पोचत नाही.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "चा झालाय म्हणावं."

हे 'म्हणावं' त्या घरात बारा महिने तेरा काळ चालू होतं. चिमणाबाई नवऱ्याशी बोलत नसत असं नाही, पण तोंड गॅसकडं किंवा भिंतीकडं करून, तिसऱ्याच कुणाला उद्देशून बोलत. मध्ये कुणी तिसरं नसलं तर भिंतीलाच सांगत. त्याचं कारण जुनं होतं. एकदा त्या न्हाणीत घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांनी जिवाच्या आकांतानं हाका मारल्या. पलीकडच्या गल्लीतल्या बाया धावत आल्या. बाळासो पुढच्या सोप्यात पेपर वाचत बसले होते, ते बायांची गर्दी बघून उठले. "मला ऐकू न्हाय आलं," असं त्यांनी सांगितलं. चिमणाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून त्यांच्याकडं तोंड करून बोलणं सोडलं. कट्ट्यावर बसून दोस्ताचं बोलणं ज्याला नीट ऐकू येतं, त्याला बायकोची किंकाळी ऐकू येत नाही, यावर कुठल्या बाईनं विश्वास ठेवायचा?

अनुजानं दोघांकडं बघितलं. ज्या माणसाचं निम्मं ऐकणं समोरच्याच्या ओठांवर चालत असेल, त्याच्याकडं पाठ करून बोललं तर काय उरतं, हा विचार तिच्या मनात आला. तो तिला आवडला, आणि आवडला म्हणूनच तिनं तो बाजूला ठेवला. पुरावा नव्हता. आबा खरोखरच तसे असतील, तर आईला खोटी आशा दाखवल्यासारखं होईल.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गावात पुकारा करायचा होता. श्रेणिकनं मजकूर लिहून दिला: 'ज्या यंत्रमाग कामगारांना श्रवणदोष असण्याची शक्यता आहे, त्यांनी श्रवणक्षमता तपासणीकरिता उपस्थित राहावे.' रिक्षावर भोंगा बांधून पुकारा करणाऱ्या धैर्यशीलनं कागद दोनदा वाचला, डोकं खाजवलं आणि खिशात घातला.

"श्रवण म्हंजे ऐकणंच न्हवं, सर? मग मी माझ्या भाषेत सांगतो की. तुम्ही निवांत ऱ्हावा."

श्रेणिक निवांत राहिला. ही त्याची चूक.

दुसऱ्या दिवशी शाळेचा हॉल उघडला तेव्हा बाहेर बायकांची ही गर्दी. खुर्च्या पुरेनात, सतरंज्या आणाव्या लागल्या. पुरुष एक नाही. अनुजाला आधी वाटलं, हळदीकुंकू आणि आपला कार्यक्रम एकाच दिवशी पडला. मग पहिल्या रांगेतली एक बाई उठली.

"मॅडम, माझी सून आज्याबात ऐकत न्हाय. तिला आणू का?"

"ऐकत नाही म्हणजे... कान दुखतात का तिचे?"

"कान चांगलं हाईत तिचं, भाईरचं सगळं ऐकतीया. माझं ऐकत न्हाय!"

हॉल खदखदून हसला. दुसरी म्हणाली, माझा नवरा ऐकत नाही. तिसरी म्हणाली, माझाही. मग एकच गिल्ला झाला. श्रेणिकनं बाहेर जाऊन धैर्यशीलला गाठलं, तेव्हा त्यानं अभिमानानं पुकारा म्हणून दाखवला: "घरात नवरा ऐकत न्हाय? सासरा ऐकत न्हाय? उद्या शाळेत विद्यापीठाच्या मॅडम येणार हाईत! जे ऐकत न्हाईत त्यांच्यासाठी मोफत इलाज! आयाबहिणींनी संधी सोडू नका!"

श्रेणिक परत आला तो कपाळावर हात मारूनच. "बंद करू या," तो अनुजाच्या कानाशी म्हणाला. "या तंटा मिटवायला आल्या आहेत. आपल्याला कामगार हवे होते."

अनुजाला रडू यायचं तेवढं बाकी होतं. बाहेर गाडी उभी होती, आतली खोली रिकामी होती. समोर बायका आपापली गाऱ्हाणी एकमेकींना सांगत होत्या. काही सुचेना म्हणून ती ऐकत उभी राहिली.

"टीव्ही असा लावत्यात, शेजारच्यांना आपला लावाय नको."

"त्यांच्या तोंडाकडं बघून बोललं तर उत्तर देतील. पाठमोरं असलं की दगड."

"नातवंडानं हाक मारली की ओ न्हाय. भावानं मारली की लगीच उठतील."

"दोस्ताचं ऐकू येतंय बघा. माझंच तेवढं ऐकू येत न्हाय."

अनुजानं श्रेणिकचा हात धरला. "बंद नको," ती म्हणाली. "ऐक तू. या आपल्या निबंधातलीच लक्षणं सांगताहेत. आपण कामगारांना विचारत फिरलो, तुम्हाला कमी ऐकू येतं का, आणि ते नाही म्हणाले. त्यांना काय माहीत? जे ऐकू आलं नाही, ते आलं नाही हे कसं कळणार? ज्यांचं ऐकलं गेलं नाही, त्यांना विचारायला हवं होतं."

तिनं पडद्यावरचे आलेख बंद केले, पुढं येऊन उभी राहिली आणि आपल्या गावच्या आवाजात म्हणाली, "बायांनो, आता मी एक वाक्य बोलते, ओळखा."

तिनं तोंडावर पदर धरला आणि म्हणाली, "आअर अंअलीया."

हशा पिकला. कुणी म्हणालं, मॅडमला काय झालं?

"साखर संपलीया," अनुजानं पदर काढून सांगितलं. "तुम्ही हे बोलता. मागावरच्या माणसाला ते ऐकू येतं. जाड आवाज पोचतो, म्हणून तुम्ही बोलताय हे त्याला कळतं. पण स, ख, प, च, त हे बारीक, धारेचे आवाज. मागाचा खडखडाट कानातला नेमका तोच कोपरा आधी खातो. मग तुम्ही साखर म्हणा नाहीतर कातर म्हणा, त्याला सारखंच. तो दोनदा 'काय?' म्हणतो, तिसऱ्यांदा लाजेनं गप बसतो आणि मनानंच काहीतरी उत्तर देतो."

हसू विरलं.

"आणि बाईचा आवाज, लेकराचा आवाज मुळातच बारीक. गड्याचा जाड. म्हणून दोस्ताचं ऐकू येतं आणि तुमचं नाही, हे खरं असू शकतं. तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो, असं नाही."

हॉल इतका चिडीचूप झाला की बाहेर झाडावरचे कावळे ऐकू आले. ज्या बाईनं दोस्ताचं सांगितलं होतं तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. अनुजाला इतक्या वर्षांच्या व्याख्यानांत अशी शांतता कधी मिळाली नव्हती, आणि तिला त्या शांततेची भीतीच वाटली. कारण तिलाही स्वतःचं बोलणं आत्ताच ऐकू आलं होतं. लेकराचा आवाज मुळातच बारीक. ही गोष्ट तिला इतकी वर्षं माहीत होती आणि तिनं ती कधी घरी नेली नव्हती.

मागच्या रांगेतून एक बाई उठली. चिमणाबाई.

"मॅडम," त्या म्हणाल्या. चारचौघांत लेकीला त्यांनी मॅडमच म्हटलं. "एक इचारू का? माणूस सोप्यात बसलंय, मधी दार हाय, आन् बाई जीव खाऊन वरडाय लागलीया. तरीबी ऐकू येत नसंल?"

सगळ्या गावाला ते दार ठाऊक होतं. माना अनुजाकडं वळल्या.

हो म्हणून टाकावं, असं तिला इतकं वाटलं की शब्द जिभेवर आला. एका 'हो'नं आईचं सगळं दुखणं निघून गेलं असतं. पण श्रेणिक बाजूला उभा होता, आणि तो नसता तरी तिला ते जमलं नसतं. पुष्कळ माणसांचं मिळून जे खरं असतं, ते एका माणसाचं खरं असेलच असं नाही. तिचं सगळं काम त्या एवढ्या फरकावर उभं होतं.

"असू शकतं," ती म्हणाली. "पण त्या माणसाचे कान तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

"मग तपासा की," चिमणाबाई म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या.

बाळासो चौकातल्या कट्ट्यावर दोस्तांत बसले होते. चिमणाबाई थेट त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "उठा. माझ्यासंगं चला." बघणारे सांगतात की बाळासो का उठले, ते त्यांनाही कळलं नसावं. बायको इतक्या वर्षांनी तोंडाकडं बघून बोलली, एवढ्यानंच ते उठले. दोस्त मागोमाग आले, तमाशा बघायला. आणि हॉलमधल्या बायका तोवर आपापल्या घरांकडं निघाल्या होत्या, आपापलं माणूस आणायला.

गाडीत चढताना आबांनी पादत्राणं बाहेर काढली, जसं देवळात जायचंय. अनुजानं त्यांना आतल्या खोलीत बसवलं, कानांवर साधन चढवलं, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं, आबा. कितीही बारीक आला तरी."

"कळतंय की. मी काय पोरगं हाय?"

दार लावण्याआधी तिनं विचारलं, आईला काचेबाहेर बसू द्यायचं का? "बसू दे की," ते म्हणाले. तिनं यंत्रातून निघणारे आवाज बाहेर ऐकायचं दुसरं साधन आईच्या कानांना लावलं.

"आई, एक ध्यानात घे. कान आज कसा आहे तेवढंच हे मशीन सांगणार. त्या दिवशी कसा होता, ते नाही सांगणार."

"मला काय कळायचं ते मला कळंल. तू कर तुझं."

अनुजानं जाड आवाजांपासून सुरुवात केली. आबांनी पटापट बटण दाबलं. दर वेळी ते काचेतून लेकीकडं बघत, छाती थोडी फुगवत. जॉबरचे कान आहेत, चेष्टा नाही. चिमणाबाईंचा चेहरा उतरत चालला. अनुजाचाही. म्हणजे ऐकू येतं. म्हणजे तेव्हाही येत असणार.

मग ती बारीक आवाजांकडं वळली.

पहिला गेला. आबांचा अंगठा हलला नाही. तिनं आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला. चिमणाबाईंनी "अगं बाई" म्हणून कानावरचं साधन थोडं बाजूला केलं, इतकी ती शिट्टी त्यांच्या कानात घुसली. काचेपलीकडं बाळासो बटणावर अंगठा ठेवून, परीक्षेला बसलेल्या शहाण्या मुलासारखे ताठ बसले होते. अनुजानं यंत्र जवळजवळ शेवटपर्यंत नेलं. ते तिच्याकडं बघून हसले, आणि त्यांचे ओठ हलले. बाहेरच्या छोट्या भोंग्यातून आवाज आला.

"सुरू कर की गं. किती येळ बसवतीस?"

चिमणाबाईंनी कानावरचं साधन काढून मांडीवर ठेवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. अनुजानं उरलेले आवाज एकामागून एक लावले, सगळे, नीट, नियमाप्रमाणं. एकाही आवाजाला अंगठा हलला नाही. शाळेतून आल्या आल्या दारातून "आबा" म्हणून मारलेली हाक कुठं कुठं जात होती, हे तिला एकेक आवाजागणिक दिसत होतं.

मग तिनं दार उघडलं. बाहेर गाडीच्या पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. कुणाला बायकोनं आणलं होतं, कुणाला सुनेनं, आणि सगळी आत कान देऊन होती.

बाळासो खुशीत उठले. कानांवरचं साधन त्यांनी स्वतःच उतरवलं. "एकबी सोडला न्हाय," ते म्हणाले. "सगळं आवाज ऐकलं. पास की न्हाय मी?"

अनुजा सांगायला वळली. तेवढ्यात चिमणाबाई पुढं झाल्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडं वळवला, आणि त्यांना एकेक अक्षर ओठांवर दिसावं अशा बेतानं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या,

"नापास झालासा, नापास! बरं झालं, नापास झालासा!"